सोलापुरात बसून बर्फ : छोट्या डायोरामासाठी खरा वाटणारा बर्फ कसा करावा

डायोरामातील, म्हणजे लहान प्रमाणात उभारलेल्या त्रिमितीय देखाव्यातील, बर्फ खोटा वाटण्याचे कारण बहुतेक वेळा साहित्यात नसते. तो बर्फ कोणत्या मुलखातला आहे, केव्हा पडला आहे आणि पडल्यानंतर त्याच्यावरून किती वारा, ऊन आणि पावले गेली आहेत, हे बनवणाऱ्याने ठरवलेलेच नसते, आणि मग हाताशी असलेली पांढरी भुकटी सगळीकडे सारखी पसरली जाते. गणेशोत्सवातील केदारनाथ-अमरनाथच्या देखाव्यांवर कापूस अंथरून काम भागते, कारण ते देखावे मंडपातील दोरीपलीकडून आणि रंगीत दिव्यांत पाहायचे असतात. १:३५ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे, दृश्य मात्र वीतभर अंतरावरून न्याहाळले जाते. कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो; या प्रमाणात तो मीटरभर लांबीचा पांढरा केस ठरतो आणि डोळ्याला लगेच खुपतो.

सोलापूरकराची आणखी एक अडचण आहे. आपल्याला बर्फ ठाऊक असतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावरचा किंवा गोळेवाल्याचा. आभाळातून पडलेला, वाऱ्याने ढकललेला आणि रात्री पुन्हा गोठलेला बर्फ आपल्या नित्याच्या पाहण्यातला नाही. त्यामुळे आठवणीवर विसंबून चालत नाही. छायाचित्रे पाहावी लागतात आणि बर्फ असा का वागतो हे थोडे समजून घ्यावे लागते. या लेखात मी शेवटपर्यंत एकच उदाहरण धरले आहे आणि ते मुद्दाम आपल्या गावाशी नाते असलेले निवडले आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४१ साली बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये उत्तर चीनमधील हेबेई प्रांतात त्यांचे निधन झाले. आपले कल्पित दृश्य असे : मातीच्या विटांचे घर, त्याचे अंगण, औषधांच्या पेट्या लादलेले खेचर, स्ट्रेचर घेऊन येणारे दोघे जण आणि दारात उभे असलेले डॉक्टर. प्रमाण १:३५, पाया साधारण ३० बाय २५ सेंटिमीटर.

आधी मुलूख आणि दिवस ठरवा

उत्तर चीनचा हिवाळा म्हटले की गुडघाभर बर्फ करावासा वाटतो, आणि तोच मोह टाळायचा आहे. त्या भागात बहुतेक पाऊस उन्हाळ्यात पडतो. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारा वायव्येचा वारा अतिशय थंड पण कोरडा असतो, त्यामुळे थंडी कडाक्याची असली तरी बर्फाचा थर बहुधा पातळच राहतो. खाली पिवळसर लोएस, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेली बारीक माती असते आणि ती वाऱ्याने उडून बर्फावरही बसते. म्हणून आपल्या अंगणात मोकळ्या जागी पाच ते आठ सेंटिमीटर बर्फ, भिंतीच्या आडोशाला त्याचा ढीग, आणि वर्दळीच्या जागी उघडी पडलेली गोठलेली माती असा बेत ठरतो. सियाचीन किंवा रशियातील आघाडीचे दृश्य करणाऱ्याने हे सगळे गणित वेगळे मांडावे.

ठरवलेली जाडी लगेच प्रमाणात उतरवावी. आठ सेंटिमीटर बर्फ १:३५ मध्ये सव्वादोन मिलिमीटर होतो. तीस सेंटिमीटरचा ढीग १:३५ मध्ये साडेआठ मिलिमीटर, १:७२ मध्ये चार मिलिमीटरच्या थोडा वर आणि रेल्वे मॉडेलच्या १:८७ प्रमाणात साडेतीन मिलिमीटरच्या आत बसतो. हे आकडे कागदावर लिहून समोर ठेवले नाहीत, तर हात आपोआप जाड थर देतो आणि माणसे कमरेपर्यंत बुडतात.

त्यानंतर पायाच्या कडेवर पेन्सिलीने दोन बाण काढावेत : एक वाऱ्याचा, एक सुर्याचा. वायव्येचा वारा बर्फ उचलून भिंतीपलीकडे, आडोशाच्या बाजूला टाकतो, म्हणून मोठा ढीग तेथे साचतो. वारा थेट आदळतो त्या बाजूलाही ढीग होतो, पण तो भिंतीला चिकटून नसतो. भिंतीशी घुसळणारी हवा तेथला बर्फ खरवडून नेते आणि मध्ये एक अरुंद चर राहतो. हा चर ज्या डायोरामात दिसतो, तेथे वारा दाखवण्यासाठी दुसरे काही करावे लागत नाही. सूर्याचा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. हेबेईच्या त्या भागात, ३९ अक्षांशाच्या आसपास, तो २८ अंशांच्याही वर जात नाही. त्यामुळे घराच्या उत्तरेकडची लांब सावली दिवसभर हटत नाही आणि तेथला बर्फ तसाच राहतो, तर दक्षिणेकडच्या वळचणीला तो दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. एकाच अंगणात दोन वयांचा बर्फ दाखवायचा आहे, तो याच कारणाने.

वय म्हणजे घनता. शांत हवेत नुकत्याच पडलेल्या बर्फाचे वजन घनमीटरला ५० ते १०० किलो इतकेच असते, वाऱ्याने दाबलेला बर्फ ३५० ते ४०० किलोपर्यंत जातो आणि शुद्ध हिमखंड ९१७ किलोचा असतो. ताज्या बर्फाच्या कडा गोल आणि मऊ दिसतात. दाबलेल्या बर्फाला धार येते, त्याचे पापुद्रे निघतात आणि पाऊल पडले की खड्ड्याची कड ढासळत नाही, तुटते. उताराचाही विचार करावा : साठ अंशांपेक्षा उभ्या पृष्ठावर बर्फ फारसा टिकत नाही, त्यामुळे उभ्या भिंतीवर भुकटी थापू नये, विटांच्या सांध्यांत आणि खिडकीच्या खालच्या चौकटीवर तेवढी बसवावी.

पांढरेपणा कोठून येतो

साहित्य निवडण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढची निम्मी कृती तिच्यावर उभी आहे. बर्फाचा प्रत्येक कण पारदर्शक असतो. कण आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश विखुरतो म्हणून ढीग पांढरा दिसतो. कणांमधली हवा जाऊन तेथे पाणी शिरले की विखुरणे कमी होते आणि बर्फ करडा, काचेसारखा दिसू लागतो. आपल्या दारातली रांगोळीही हेच दाखवते. सडा पुरेसा वाळण्याआधी घातलेली रांगोळी मळकट दिसते आणि जमीन वाळली की पांढरी होते. डायोरामात पाण्याची जागा गोंद घेतो, आणि गोंद वाळला तरी निघून जात नाही. म्हणजे भुकटी गोंदात जितकी बुडवावी तितका तिचा बर्फपणा कमी होतो. म्हणून खालचा थर गोंदाचा आणि घट्ट, वरचा थर जवळजवळ कोरडा आणि कमीत कमी गोंदाने धरलेला, ही रचना मी कायम ठेवतो.

कशाने करावा, कशाने करू नये

खाण्याचा सोडा सर्वांत आधी सुचवला जातो. तो बारीक, स्वस्त आणि चमकदार असतो, पण मी तो वापरू नये असेच म्हणेन. तो अल्कधर्मी आहे, पांढरा गोंद बहुधा किंचित आम्ल असतो, आणि दोन्ही एकत्र आले की बारीक बुडबुडे उठू शकतात; काही काळाने पिवळेपणा येतो, तैलरंग आणि इनॅमलवर परिणाम होतो. शिवाय साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे सोड्याचे हळूहळू विघटन सुरू होते. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर मे महिन्यात डायोरामा ठेवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

मीठ पावसाळ्यात पाणी ओढते आणि आसपासच्या तारा-खिळ्यांना गंज चढवते. पिठीसाखर आणि मैदा यांच्याबद्दल मुंग्यांना विचारावे. थर्मोकोलचा भुगा स्थिर विजेमुळे नको तेथे चिकटतो, त्याचे मणी गोल दिसतात आणि स्प्रे रंगातील द्रावकाने तो विरघळतो. त्यातच २०१८ पासून राज्यात थर्मोकोलवर निर्बंध आहेत.

चांगले साहित्य दोन प्रकारचे आहे. पहिले म्हणजे संगमरवराची बारीक भुकटी किंवा पांढरी रांगोळी. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी नंदीध्वजांच्या मार्गावर रांगोळ्या घातल्या जातात, तेव्हा ती आपल्याकडे हवी तेवढी आणि अगदी स्वस्त मिळते. एरवीही नवी पेठेत ती सहज मिळेल. मात्र बाजारातली रांगोळी तशीच वापरू नये. तिच्यात खरबरीत कण असतात आणि १:३५ मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरची गार. खऱ्या हिमकणाचा एक मिलिमीटर आकार या प्रमाणात तीस मायक्रॉन इतकाच उरतो. म्हणून रांगोळी मलमलीच्या दुहेरी कापडातून वस्त्रगाळ करावी, खाली पडलेली भुकटी वरच्या थरासाठी ठेवावी आणि कापडावर राहिलेली चाळ खालच्या थरात घालावी.

दुसरे साहित्य म्हणजे काचेचे मायक्रोबलून : आतून पोकळ, बहुतेक शंभर मायक्रॉनपेक्षा बारीक असे काचगोलक. फायबरग्लासचे काम करणाऱ्यांना रेझिन पुरवणाऱ्या दुकानांतून किंवा ऑनलाइन ते मिळतात. ते इतके हलके असतात की डबा उघडताच हवेत उडतात, आणि ताज्या, भुसभुशीत बर्फासाठी त्यांच्याइतके दुसरे काही जमत नाही. दाबलेल्या, जुन्या बर्फासाठी मात्र मला संगमरवराची भुकटी अधिक पटते, कारण तिला वजन आणि कड आहे. आपल्या दृश्यात दोन्ही लागतील.

दोन्ही भुकट्या फुप्फुसांसाठी वाईट आहेत. एन-९५ मास्क आणि चष्मा घालूनच काम करावे, पंखा बंद ठेवावा, आणि सांडलेली भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

गोंदासाठी खालच्या थराला साधा फेविकॉल पुरेसा आहे. दिसणाऱ्या थरात मात्र अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम, म्हणजे वाळल्यावर न चमकणारे बिनरंगी अ‍ॅक्रिलिक माध्यम, वापरावे, कारण पांढऱ्या गोंदापेक्षा ते उशिरा पिवळे पडते. पांढऱ्या रंगात टायटॅनियम व्हाइटच घ्यावा. याशिवाय अल्ट्रामरीन निळ्याची आणि बर्न्ट अंबर या गडद तपकिरीची एकेक छोटी ट्यूब, एक ड्रॉपर, बारीक फवारा देणारी बाटली, चहाची गाळणी आणि मऊ ब्रश लागतील. पाणी बोअरचे घेऊ नये. ते जड असते आणि वाळल्यावर गडद लाकडावर किंवा गणवेशावर पांढरे डाग सोडते. आरओचे किंवा बॅटरीत घालायचे पाणी घ्यावे.

पाया आणि जमीन

बारा मिलिमीटरच्या प्लायवूडवर सनबोर्डचे तुकडे फेविकॉलने चिकटवून अंगणाचा चढ-उतार उभा करावा आणि कागदाच्या लगद्याने सांधे भरावेत. पातळ प्लाय घेतल्यास लगदा वाळताना पाया वाकतो, आणि तसा वाकलेला पाया नंतर सरळ होत नाही. भिंतीच्या आडोशाचा मोठा ढीगही याच वेळी सनबोर्ड तासून बसवावा. सगळी उंची बर्फाच्या लेपाने गाठू पाहिली तर लेपाला तडे जातात.

यानंतर बर्फ नाहीच असे समजून जमीन पूर्ण करावी. ओल्या मातीचा तपकिरी नव्हे, लोएसचा फिकट पिवळा रंग द्यावा, दगड, वाळके गवत, चुलीची राख, सरपणाचा ढीग बसवावा. जो भाग बर्फाखाली जाणार आहे त्यालाही रंग द्यावा, कारण शेवटच्या हातात कोठे माती उघडी ठेवाविशी वाटेल हे आधी सांगता येत नाही. घर, खेचर आणि माणसे यांच्या पायांत तारेच्या खुंट्या घालून त्यांच्या जागा पक्क्या कराव्यात. बर्फ पडल्यानंतर माणूस ठेवला की तो बर्फावर तरंगतो. माणूस आधी आणि बर्फ नंतर आला की तो बर्फात उभा राहतो. पायांभोवतीच्या फटीइतके हौशी काम उघडे पाडणारे दुसरे काही नाही.

जेथे बर्फ येणार आहे तेथे शेवटी टायटॅनियम व्हाइटमध्ये सुईच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन मिसळून एक पातळ हात द्यावा. हिम लाल प्रकाश थोडा अधिक शोषते, म्हणून खोल खड्ड्यात आणि जाड थरात बर्फ निळसर भासतो. हा निळा खालून डोकावला पाहिजे. वरून रंगवलेली निळी सावली चित्रासारखी वाटते, कारण खऱ्या सावल्या तुमच्या खोलीतला दिवा आपणहून पाडणारच आहे.

लेप

लहान वाटीत तीन चमचे संगमरवराची भुकटी किंवा रांगोळीची चाळ, दीड चमचा मॅट मीडियम, पाव चमचा टायटॅनियम व्हाइट आणि पाण्याचे काही थेंब एकत्र करावेत. लेप घट्ट श्रीखंडासारखा व्हायला हवा : चमच्यावर उभा राहणारा, पण टोकाने ओढला की पसरणारा. मायक्रोबलून वापरल्यास मीडियम एक चमचाच पुरते. ते घोटू नयेत, नुसते हलक्या हाताने कालवावेत, कारण काचगोलक फुटले की हलकेपणा जातो.

लेप जुन्या ब्रशने आणि छोट्या पॅलेट नाइफने वाऱ्याच्या बाणाच्या दिशेने ओढावा. मोकळ्या अंगणात दोन मिलिमीटर, वाटेवर जवळजवळ काही नाही, भिंतीच्या आडोशाला ढिगावरून खाली उतरत जाणारा. थराची कड मातीवर कधीही भिंतीसारखी तुटक संपवू नये. ओल्या ब्रशने ती झिजवत नाहीशी करावी, फक्त दक्षिणेकडच्या वितळत्या बाजूला कड थोडी उचललेली आणि खालून पोखरलेली ठेवावी, कारण तेथे तापलेली जमीन बर्फ खालून खाते.

येथे सोलापूरच्या हवेशी गाठ पडते. मार्च ते मे या काळात पारा चाळिशीपलीकडे जातो, दुपारची हवा अत्यंत कोरडी असते आणि लेपावर पाहता पाहता साय धरते. आत ओल आणि वर कातडे अशा अवस्थेत तो फाटतो. या दिवसांत काम पहाटे करावे, एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यावा आणि थांबावे लागले तर वर ओल्या कापडाने अस्तर केलेला डबा उपडा घालावा. जुलै-ऑगस्टमध्ये उलट होते. थर वाळायला एक पूर्ण दिवस द्यावा आणि बोटाला गार लागत असेल तर तो अजून वाळलेला नाही असे समजावे. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी : हवेतले सुताचे तंतू ओल्या लेपावर बसले की निघत नाहीत, म्हणून डायोरामा वाळताना कायम झाकलेला असावा.

पावले

ठसे उमटवण्याची वेळ थोडी असते आणि ती घड्याळावर नव्हे, बोटावर ओळखावी लागते. लेपाला हलके बोट लावल्यावर तो चिकटत नाही पण दबतो, तेव्हा पावले घ्यावीत. २८ सेंटिमीटरचा जोडा १:३५ मध्ये आठ मिलिमीटर लांब असतो, आणि सत्तर सेंटिमीटरचे पाऊल वीस मिलिमीटर अंतरावर पडते. एखाद्या जादा आकृतीचे जोडे कापून काडीच्या टोकाला लावले की शिक्का तयार होतो. तो दरवेळी पाण्यात बुडवून झटकावा, म्हणजे लेप उचलला जाणार नाही.

पावले सरळ खाली दाबू नयेत. चालणारा माणूस टाच आधी टेकवतो आणि चवड्याने मागे रेटतो, त्यामुळे ठशाच्या पुढच्या टोकाशी खोली अधिक आणि मागे ढकललेला थोडा बर्फ असतो. स्ट्रेचर वाहणाऱ्यांची पावले आखूड, जवळजवळ आणि खोल असावीत, कारण त्यांच्यावर वजन आहे. मागचा माणूस पुढच्याच्या ठशांत पाय टाकतो, म्हणून दोघांच्या वाटा एकमेकींत मिसळतात. खेचराचा खूर अरुंद आणि लांबट असतो. दारासमोर पावलांची गर्दी इतकी व्हावी की वेगळा ठसा ओळखू येऊ नये आणि खालची माती वर यावी. ज्या कोपऱ्यात कोणालाही जाण्याचे कारण नाही, तो कोपरा अस्पर्श ठेवावा. दृश्यातली वर्दळ त्या कोऱ्या कोपऱ्यामुळे कळते.

कोरडा थर

लेप पूर्ण वाळल्यावर मॅट मीडियम एक भाग आणि पाणी दोन भाग असे मिश्रण ब्रशने फक्त तेथे लावावे जेथे ताजा बर्फ हवा आहे. त्यावर गाळणीला मलमल बांधून वस्त्रगाळ भुकटी आणि मायक्रोबलून यांचे समभाग मिश्रण साधारण वीतभर उंचीवरून गाळावे. गाळणी पायावर आडवी न फिरवता वाऱ्याच्या बाजूने थोडी तिरकी धरून बोटाने टिचक्या माराव्यात. भुकटी ज्या बाजूला बसते ती बाजू मग आपोआप योग्य येते. पाच मिनिटांनी पाया तिरका करून हलकेच आपटावा आणि जे चिकटले नाही ते जाऊ द्यावे. ठशांच्या आत भुकटी पडली असेल तर सुक्या ब्रशने काढावी, अन्यथा ही पावले कालची होतात आणि स्ट्रेचर मात्र आजचे राहते.

थर पक्का करण्यासाठी भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब घातलेल्या पाण्याचा अगदी बारीक फवारा वरून, हवेत सोडून, खाली बसू द्यावा; थेट मारल्यास भुकटीत खड्डे पडतात. मग मीडियम एक भाग आणि पाणी पाच भाग असे द्रावण ड्रॉपरने कडेकडेने सोडावे, म्हणजे ते केशाकर्षणाने आत ओढले जाते. मध्यभागी थेंब टाकू नये. वाळल्यावर पृष्ठ करडे दिसले तर गोंद जास्त झाला आहे. त्यावर पुन्हा नुसती भुकटी गाळावी आणि या वेळी फक्त फवारा द्यावा. काचपेटीत राहणाऱ्या डायोरामाचा सर्वांत वरचा पातळ थर मी पक्का करतच नाही. तो हलवताना थोडा झडतो, पण त्याच्याइतका पांढरा दुसरा कोणताही थर होत नाही.

छप्पर, माणसे आणि हिमकाड्या

छपराच्या उत्तरेकडच्या बाजूस थर सलग ठेवावा आणि दक्षिणेकडे तो विरळ करावा. उत्तर चीनमधील घरांत कांग असतो, म्हणजे खालून तापवला जाणारा विटांचा ओटा. त्याच्या धुराड्याभोवती छपरावर बर्फ टिकत नाही, तेथे ओली काळपट कौले दाखवावीत. खेचराच्या पाठीवर मात्र बर्फ ठेवायला हरकत नाही, कारण दाट केसांखालची ऊब बाहेर येत नाही आणि बर्फ वितळत नाही. पेट्यांच्या झाकणांवर तो असावाच. चालणाऱ्या माणसांच्या खांद्यांवर आणि टोप्यांवर नुसती चिमूटभर भुकटी, आणि डॉक्टर दारातून आताच बाहेर आलेले असल्याने त्यांच्या अंगावर काहीही नाही. असा एक तपशील दृश्यातली वेळ सांगतो.

हिमकाड्या, म्हणजे गळते पाणी गोठून झालेल्या बर्फाच्या काड्या, दक्षिणेकडच्या वळचणीलाच लटकाव्यात, कारण वितळणे आणि गोठणे दोन्ही तेथेच घडते. त्यासाठी मासेमारीच्या तंगूसाचे आठ-दहा मिलिमीटरचे तुकडे घ्यावेत; तंगूस गुंडाळीतून आल्याने वाकडा असतो, तो गरम पाण्यातून ओढून सरळ करावा. प्रत्येक तुकड्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक जेल वरून खाली ओढत तीन-चार पातळ हात द्यावेत, वर जाड आणि टोकाला नुसता धागा. जेलमध्ये पांढरा रंग मिसळू नये. हिमकाडी नेहमी गुरुत्वाच्या रेषेत लटकते. छपराला काटकोनात लावलेली काडी कितीही पारदर्शक असली तरी चूक ठरते. लांबी आणि अंतर मुद्दाम विषम ठेवावे.

मळका आणि वितळता बर्फ

वाटेवरचा बर्फ हा या दृश्याचा प्राण आहे आणि त्याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. लेपातच बर्न्ट अंबर आणि लोएसच्या रंगाची खरी वाळलेली, गाळलेली माती मिसळून दोन-तीन छटा कराव्यात आणि पावलांच्या वाटेवर ठिपक्याठिपक्यांनी लावाव्यात. आपल्याकडची काळी माती येथे चालणार नाही. ती बेसाल्टची आहे आणि रंगाने लगेच परकी वाटते. वर चकचकीत वार्निशचे थेंब फक्त ठशांच्या तळाशी आणि दक्षिणेच्या कडेला सोडावेत, जेथे दुपारचे पाणी साचले असेल. रात्री गोठलेले डबके करायचे असल्यास ग्लॉस मीडियमचे एक-एक मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर पूर्ण पारदर्शक झाल्यावरच पुढचा, असे चढवावेत. एकदम ओतलेला जाड थर आतून दुधी राहतो. शेवटच्या थरावर कडेने किंचित पांढरा कोरडा ब्रश फिरवला की गोठलेली कड तयार होते.

उघड्या मातीवर आणि वाळक्या गवतावर दंव हवे असेल तर वस्त्रगाळ भुकटी ब्रशच्या टोकावर घेऊन मॅट वार्निशच्या ओल्या फवाऱ्यावर टिचकी मारून उडवावी. धुक्यातून जमणारे टणक दंव वाऱ्याकडे तोंड करून वाढते, म्हणजे ढिगाच्या बरोबर उलट बाजूला. येथे पुन्हा पेन्सिलीचा बाण पाहावा.

चमक हा विषय मी थोडक्यात उरकतो. अभ्रकाची किंवा काचेची चकाकी चिमटीच्या चिमटीने, फक्त कोऱ्या कोपऱ्यात आणि सूर्याच्या बाजूस टाकावी. सगळीकडे चमकणारा बर्फ शुभेच्छापत्रावर शोभतो.

तपासणी आणि सांभाळ

काम संपत आल्यावर खोली अंधारी करून एकच दिवा दक्षिणेकडून, २८ अंशांच्या आसपास खाली धरावा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. डोळा पांढऱ्याला सवयीने पांढरे म्हणतो, कॅमेरा मात्र पिवळा डाग, गोंदाची चमक आणि राहिलेला सुताचा तंतू लगेच दाखवतो. एलईडी दिवा फार निळा असेल तर त्या उजेडात रंग सुधारत बसू नये. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीशी पुन्हा पाहावे आणि मगच ब्रश उचलावा.

सोलापूरच्या धुळीत उघडा ठेवलेला बर्फ एका उन्हाळ्यात जुना दिसू लागतो, म्हणून अ‍ॅक्रिलिकची पेटी हा खर्च टाळता येण्यासारखा नाही. पेटी थेट उन्हात किंवा पत्र्याच्या छताखाली ठेवू नये. धूळ बसलीच तर फुंकर घालू नये, कारण श्वासातली ओल ती चिकटवते. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर वापरावा. आणि शेवटच्या दिवशी उरलेली भुकटी, दोन्ही प्रकारची आणि मिसळलेली, छोट्या बाटल्यांत भरून त्यांवर प्रमाण आणि तारीख लिहून ठेवावी. पेटी हलवताना वळचणीचा बर्फ केव्हा ना केव्हा झडतो, आणि नव्या पुडीतली रांगोळी जुनीच्या शेजारी क्वचितच तंतोतंत जुळते.